आपलं शरीर परकी पेशी ओळखतं कसं आणि मारतं कसं? सारखे सारखे येणारे प्रश्न

मी सांगलीत विश्रामबागला अकरावी-बारावीला बायो शिकवते. इम्युनिटीचा धडा चालू झाला की पोरांचे प्रश्न संपत नाहीत, आणि पोरांचे संपले की घरच्यांचे सुरू होतात, कुणाच्या मामांचं मिरजेला डायलिसिस चालू असतं, कुणाच्या आजीला नागीण झालेली असते. तीच उत्तरं परत परत टाईप करून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. गोळ्या किती, कधी, बदलायच्या का हे मात्र मला विचारू नका, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

आणि हो, पांढऱ्या पेशींना मी सैनिक-बिनिक म्हणणार नाहीये. त्याने पोरांना वाटतं की या पेशींना शत्रू आधीच माहीत असतो. बहुतेकींना नसतो.

मॅडम, परकं कोण याची आत यादी असते का?

थोडीशी असते, पण जंतूंच्या नावांची नाही. बॅक्टेरियाच्या भिंतीत किंवा शेपटीत काही पदार्थ असे असतात जे आपल्या पेशी कधी बनवतच नाहीत. मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) वगैरे पेशींवर हे पदार्थ पकडणारे रिसेप्टर असतात, टोल-लाइक रिसेप्टर, माणसात १० प्रकारचे. मूळ टोल सापडलं ते फळमाशीत. फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या टीमने १९९६ मध्ये दाखवलं की ज्या माश्यांचा टोल जीन बिघडलाय त्या बुरशीने मरतात, मग दोन वर्षांनी अमेरिकेत ब्रूस ब्यूटलर यांना उंदरात तसाच रिसेप्टर मिळाला जो बॅक्टेरियाच्या भिंतीतला एलपीएस नावाचा पदार्थ ओळखतो. दोघांना २०११ चं नोबेल मिळालं.

टी सेल आणि बी सेल याही पांढऱ्या पेशीच, पण त्यांची तऱ्हा एकदम उलटी. त्यांचे रिसेप्टर जीनचे तुकडे उलटसुलट जोडून बनतात, अक्षरशः नशिबावर, त्यामुळे कोट्यवधी प्रकारचे सेल अंगात फिरत असतात आणि त्यातला कुठला कधी कामाला येईल हे कुणालाच ठाऊक नसतं. कोरोनाचा विषाणू जगात यायच्या आधीपासून त्याला धरू शकतील असे काही सेल तुमच्या-माझ्या अंगात होतेच. अँटीबॉडीसाठी (परक्याला चिकटणारी प्रोटीन) जीनची ही जोडाजोड कशी होते ते सुसुमु टोनेगावा यांनी शोधलं, १९८७ चं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं.

एचएलए एचएलए म्हणतात ते नक्की काय आहे?

हा प्रश्न समजला तर बाकी निम्मं पान समजलं, म्हणून जरा सावकाश सांगते.

विषाणू पेशीच्या आत लपून बसलेला असतो आणि टी सेल बाहेर असतो. टी सेलला आतलं दिसत नाही. मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघितले असतील तर लगेच कळेल, तिथं अख्खं पोतं कोणी ओतून बघत नाही, आतली मूठभर हळद नमुना म्हणून बाहेर काढतात आणि त्यावरून व्यापारी ठरवतो. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी हेच करते. आत जी जी प्रोटीन बनतात त्यातली काही प्रोटिएझोम नावाच्या यंत्रात कापली जातात, त्यातले ८ ते १० अमिनो ॲसिडचे बारके तुकडे एचएलए नावाच्या खोबणीत बसवले जातात आणि पेशीच्या अंगावर बाहेर मांडले जातात. हा माल चोवीस तास बाहेर येतच असतो. पेशी निरोगी असेल तर सगळे नमुने घरचेच. विषाणू घुसला की त्याच्या प्रोटीनचे तुकडे पण तसेच बाहेर येतात, आणि ज्या किलर टी सेलचा रिसेप्टर त्या तुकड्याला बसतो तो तिथंच थांबतो.

एचएलएचे जीन आपल्या सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि माणसामाणसात इतके वेगळे असतात की बाहेरच्या माणसाशी तंतोतंत जुळणं फार अवघड.

टी सेल नुसता तुकडा बघत नाही, तुकडा प्लस खोबण असं एकत्र बघतो. हे रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी ऑस्ट्रेलियात कॅनबेराला उंदरांवर काम करताना पकडलं, १९७४ ला छापलं, आणि १९९६ ला नोबेल मिळालं. एका जातीच्या उंदराचे टी सेल त्याच जातीच्या उंदराच्या इन्फेक्टेड पेशी मारत होते, दुसऱ्या जातीच्या पेशीत तोच विषाणू असला तरी ढुंकून बघत नव्हते. डोहर्टी मूळचे जनावरांचे डॉक्टर बरं का, एमबीबीएस हुकलं म्हणून शिरवळला व्हेटर्नरीला गेलेल्या माझ्या पोरांना मी हे मुद्दाम ऐकवते.

मग आपल्याच पेशींवर का नाही तुटून पडत?

रिसेप्टर नशिबावर बनतात म्हटल्यावर स्वतःलाच चावणारे पण बनणारच. म्हणून टी सेलची परीक्षा होते, छातीच्या हाडामागं थायमस नावाची ग्रंथी असते तिथं. स्वतःचं एचएलए अजिबात धरता येत नाही, नापास. स्वतःच्या तुकड्यांना फार घट्ट धरतो, तोही नापास. आणि नापास म्हणजे मरण, एटीकेटी नाही. ९५ टक्क्यांहून जास्त सेल तिथंच संपतात. लहान वयात थायमस मोठी असते, वयात आल्यावर हळूहळू आक्रसते आणि तिथं चरबी भरते.

तरी काही निसटतातच. त्यांना आवरायला रेग्युलेटरी टी सेल असतात, त्या कामासाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चं नोबेल मिळालं. हे आवरणं फसलं की काय होतं ते टाइप १ डायबेटिसमध्ये दिसतं, टी सेल स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीच मारून टाकतात. त्या पोराने गोड जास्त खाल्लं म्हणून झालं असं नातेवाईक म्हणतात ना, ते बंद करा प्लीज.

मारतात म्हणजे नेमकं काय करतात? खातात का?

काही खातात. न्यूट्रोफिल (याही पांढऱ्या पेशी) आणि मॅक्रोफेज अख्खा बॅक्टेरिया गिळतात, आत पिशवीत कोंडतात आणि त्यावर ॲसिड, एन्झाइम, ऑक्सिजनपासून बनलेली जहाल रसायनं सोडतात. पेशी खाऊ शकतात हे एली मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिनाला बघितलं, तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचा काटा टोचला तर भोवती पेशी गोळा झाल्या. गळवातला पू असतो ना, त्यात बहुतेक मेलेले न्यूट्रोफिलच असतात, गिळून गिळून संपलेले.

दुसरी पद्धत भोक पाडायची. रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रोटीन नुसती तरंगत असतात. परक्या पेशीला अँटीबॉडी चिकटली की ती एकामागून एक जागी होतात आणि शेवटी सी-५ ते सी-९ मिळून पेशीच्या पटलात नळीसारखं भोक तयार करतात. पाणी आत शिरतं, पेशी फुगते, फुटते. इथं कुणी मारेकरी पेशी नाहीच, नुसती प्रोटीन.

तिसरी पद्धत किलर टी सेल आणि एनके (नॅचरल किलर) सेलची, आणि मला विचाराल तर सगळ्यात भारी हीच आहे. सेल टार्गेटला घट्ट चिकटतो, आतल्या दाणेदार पिशव्या सगळ्या त्या बाजूला सरकवतो आणि मधल्या चिंचोळ्या फटीतच रिकाम्या करतो, म्हणजे शेजारच्या निरोगी पेशीला धक्का लागत नाही. पिशवीत पर्फोरिन असतं जे पटलाला भोकं पाडतं, आणि ग्रॅन्झाइम असतात जे आत शिरून कॅस्पेज नावाची एन्झाइम चालू करतात. कॅस्पेज प्रत्येक पेशीत आधीपासूनच असतात, तिला शिस्तीत मरायला लावायला ठेवलेले. म्हणजे टी सेल टार्गेटला मारत नाही, त्याला आत्महत्या करायला लावतो असं म्हटलं तरी चालेल. डीएनएचे तुकडे होतात, पेशी आक्रसून पुड्या पुड्या होते, मॅक्रोफेज त्या उचलतात, सांडलवंड काही नाही. तोवर मारणारा सेल सुटून पुढच्या टार्गेटकडे गेलेला असतो.

पर्फोरिन स्वतःच्या पिशवीत असताना स्वतःलाच भोक का पाडत नाही असं एका पोरीने विचारलं होतं, मस्त प्रश्न. पिशवीत ॲसिड असतं आणि पर्फोरिनला काम करायला कॅल्शियम आणि न्यूट्रल पीएच लागतो, तो बाहेर पडल्यावरच मिळतो.

विषाणूने एचएलएच दाबून टाकलं तर? नमुनाच बाहेर आला नाही तर?

तसं करतातच. हर्पिसच्या खानदानातले विषाणू यात तरबेज, आणि कॅन्सरच्या पेशी पण. नमुना नाही म्हटल्यावर किलर टी सेल आंधळा. पण तिथं एनके सेल येतो, त्याचा हिशेब उलटा, एचएलए दिसलं की तो गप्प बसतो आणि नाही दिसलं की संशय घेतो. १९७५ च्या सुमारास स्टॉकहोममध्ये रॉल्फ किसलिंग आणि सहकाऱ्यांना असे उंदराचे सेल सापडले जे आधी कुठलीही ओळख नसताना ट्यूमरच्या पेशी मारत होते, आणि 'एचएलए गायब म्हणून मार' ही कल्पना तिथल्याच क्लास कॅर्रे यांची. नुसतं गायब असून भागत नाही, पेशीवर ताणाच्या खुणा पण लागतात, एनके दोन्हीची वजाबाकी करून ठरवतो.

चुकीचा नमुना दाखवला तर टी सेल, काहीच नाही दाखवलं तर एनके. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागेल.

रक्त तर कुणाचंही चालतं, मग किडनीला एवढं मॅचिंग कशाला?

कुणाचंही नाही हो, ग्रुप जुळावा लागतो! पण प्रश्न बरोबर आहे. पिकलेल्या लाल पेशीत केंद्रक नसतं आणि तिच्या अंगावर एचएलए जवळजवळ नसतंच, म्हणून लाल रक्त देताना एबीओ आणि आरएच बघितलं आणि बॅगेशी क्रॉसमॅच (दोन्ही रक्तं एकत्र करून बघणं) केलं की भागतं. ए ग्रुपच्या माणसाच्या रक्तात बी विरुद्धच्या अँटीबॉडी आधीपासूनच असतात, चुकून बी रक्त चढवलं तर कॉम्प्लिमेंट त्या लाल पेशी रक्तवाहिनीतच फोडतं.

किडनीच्या प्रत्येक पेशीवर देणाऱ्याचं एचएलए असतं. आणि परक्या एचएलएवर आपले टी सेल प्रमाणाबाहेर भडकतात. एखाद्या नेहमीच्या विषाणूच्या तुकड्याला ओळखणारा टी सेल लाखात एखादा असतो, पण परक्या एचएलएवर उठणारे शंभरात १ ते १० असू शकतात. पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट २३ डिसेंबर १९५४ ला बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी केलं ते जुळ्या भावांमध्येच, एकसारखे जुळे, एचएलए डिट्टो, म्हणून टिकलं.

सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळायची शक्यता २५ टक्के, अर्धं जुळायची ५०, अजिबात न जुळायची २५. आई-वडिलांशी अर्धं जुळतंच.

क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आली, म्हणजे जुळलं ना?

नाही!! हा घोळ इतक्या वेळा होतो की रिपोर्टवर मराठीत लिहायला पाहिजे. पॉझिटिव्ह म्हणजे वाईट.

टेस्टची जुनी पद्धत ऐका, मग विसरणार नाही. किडनी देणाऱ्याचे लिम्फोसाइट (टी सेल, बी सेल वगैरे पांढऱ्या पेशी) घेतात, त्यावर घेणाऱ्याचा सीरम (रक्तातलं पेशी नसलेलं पाणी) टाकतात, मग सशाचं कॉम्प्लिमेंट टाकतात आणि शेवटी रंग. घेणाऱ्याच्या सीरममध्ये देणाऱ्याच्या एचएलए विरुद्ध अँटीबॉडी असतील तर त्या चिकटतात, कॉम्प्लिमेंट भोकं पाडतं, मेलेल्या पेशीत रंग शिरतो. म्हणजे जे शरीरात किडनीचं होणार होतं ते आधीच प्लेटमध्ये करून बघितलं. ही बारीक थेंबांवर करायची पद्धत पॉल तेरासाकी यांनी १९६४ मध्ये आणली. आता फ्लो सायटोमेट्री नावाच्या मशीनच्या पद्धतीने जास्त बारकाईने करतात, पण प्रश्न तोच. अशा वेळी किडनी तशीच बसवली तर टेबलावरच काही मिनिटांत निळी पडू शकते, टी सेल जागे व्हायच्या आतच खेळ खल्लास.

पण बाईच्या अंगात नवऱ्याविरुद्ध अँटीबॉडी कुठून आल्या?

हा प्रश्न एका काकूंनी विचारला आणि विचारताना त्या ओशाळल्या होत्या, जसं काही त्यांचाच दोष. नवरा किडनी द्यायला तयार, ग्रुप जुळलेला, आणि क्रॉसमॅच पॉझिटिव्ह. अहो त्या बाळंतपणातून येतात. पोटातल्या बाळाचं अर्धं एचएलए वडिलांचं असतं, बाळाच्या पेशी आईच्या रक्तात थोड्याफार जातात, आणि आईचे बी सेल त्या एचएलएवर अँटीबॉडी बनवून ठेवतात, वर्षानुवर्षं आठवणीत राहतात. म्हणून दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईला नवऱ्याचीच किडनी चालत नाही असं होऊ शकतं. पूर्वी रक्त चढवलेलं असेल किंवा आधी एक ट्रान्सप्लांट झालेलं असेल तरी तसंच. वाट बंद होते असं नाही, दुसऱ्या जोडप्याशी अदलाबदल किंवा अँटीबॉडी काढायचे उपचार असतात.

मग ते बाळ नऊ महिने टिकतं कसं? ते पण अर्धं परकंच ना?

वारेच्या ज्या पेशी आईच्या भिंतीत घुसतात त्यांच्यावर टी सेलला भडकवणारं नेहमीचं एचएलए-ए आणि बी नसतंच. मग एनके मारतील ना, आत्ताच वर म्हणालात? बरोबर, म्हणून त्या एचएलए-जी नावाचं वेगळं प्रोटीन दाखवतात, त्याने एनके शांत राहतो. उलट पहिल्या तिमाहीत गर्भाशयाच्या अस्तरातल्या लिम्फोसाइटमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास एनकेच असतात आणि तिथं ते मारत नाहीत तर आईच्या रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करतात. मला हे शिकवताना दरवर्षी तेवढीच मजा येते.

आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांत अँटी-डीचं इंजेक्शन देतात. ते चुकवू नका.

ट्रान्सप्लांटनंतर गोळ्या किती वर्षं? किडनीला सवय होत नाही का?

होत नाही. किडनी शेवटपर्यंत देणाऱ्याचंच एचएलए दाखवणार आणि थायमसमधून पास झालेले टी सेल ते परकंच समजणार. टॅक्रोलिमस हे औषध टी सेलच्या आतला कॅल्सिन्युरिन नावाच्या एन्झाइमचा रस्ता अडवतं म्हणजे टी सेलला वाढायला लावणारं आयएल-२ बनत नाही आणि टी सेलची फौज वाढत नाही. (फौज म्हणायचं नव्हतं, राहू दे.) १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या मातीतल्या एका बॅक्टेरियात ते सापडलं. बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनाने गोळी सोडलेले पेशंट रिजेक्शन (शरीराने किडनी नाकारणं) घेऊनच परत येतात.

तासगाववाले हमखास विचारतात की द्राक्षं बंद का. द्राक्षं नाही हो, ग्रेपफ्रूट नावाचं संत्र्याच्या जातीचं फळ आणि आपलं पपनस, ते टाळायचं, त्याने औषधाची लेव्हल वाढते.

नागीणचं वेटोळं पूर्ण झालं की माणूस जातो म्हणतात, खरं का?

खोटं. लहानपणी कांजिण्या झाल्या की तो विषाणू मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून बसतो, टी सेल त्याला दाबून धरतात. पन्नाशीनंतर ती पकड सैल होते आणि तो एका नसेच्या वाटेने बाहेर येतो, म्हणून पट्टा बहुतेक एकाच बाजूला असतो. गेरू-बिरू लावत बसू नका, पुरळ उठल्यापासून ७२ तासांत विषाणूचं औषध चालू केलं तर फायदा जास्त. डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी दाखवा.

पुराच्या पाण्यातला लेप्टो (लेप्टोस्पायरा हा बॅक्टेरिया) मग या पेशी का मारत नाहीत?

मारतात की, पण तो लबाड आहे. आपल्या स्वतःच्या पेशी कॉम्प्लिमेंटपासून वाचायला फॅक्टर एच नावाचं प्रोटीन वापरतात, लेप्टोस्पायरा तेच रक्तातून ओढून स्वतःच्या अंगावर चिकटवतो. २०१९ च्या पुरानंतर चिखल काढणाऱ्यांना डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक घ्यायला सांगत होते ते याच्यासाठी. पायाला जखम असेल तर गमबूट घाला.

कॅन्सरची पेशी तर आपलीच, ती कशी ओळखणार?

तिच्यातली म्युटेशन झालेली प्रोटीनही नमुन्यात येतात, म्हणून टी सेल ओळखतो बऱ्याचदा. पण ट्यूमर टी सेलवरचा पीडी-१ नावाचा ब्रेक दाबून धरतो. ब्रेक सोडवणारी औषधं निघाली त्यामागच्या कामाला २०१८ चं नोबेल, जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो.

कार-टी नावाच्या उपचारात पेशंटचेच टी सेल बाहेर काढून त्यात नवीन रिसेप्टरचा जीन घालतात, आणि हा रिसेप्टर एचएलएच्या भानगडीत पडतच नाही, सरळ बी सेलवरचं सीडी-१९ नावाचं प्रोटीन धरतो. आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलने मिळून बनवलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. तोटा असा की सीडी-१९ चांगल्या बी सेलवर पण असतं, तेही मरतात. आणि सगळ्या कॅन्सरला हे चालत नाही, बी सेलपासून झालेल्या काही ब्लड कॅन्सरलाच.

इम्युनिटी वाढवायला काय घेऊ? काढा, हळद-दूध?

सांगलीत राहून हळदीला नावं ठेवणार नाही, जीआय टॅग आहे तिला. पण त्यातलं कर्क्युमिन आतड्यातून फार कमी रक्तात जातं. आणि वर वाचलंत ना, निम्मी यंत्रणा ब्रेकची आहे. नुसतं 'वाढवलं' तर टाइप १, संधिवात, रिजेक्शन हे सगळं वाढलेल्या इम्युनिटीचंच. गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापल्यात, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेपही घेतला होता, वाद आहे. पण ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाने कुठलाच काढा डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, यात काही वाद नाही. लस घ्या, झोपा नीट, तंबाखू सोडा.

पेपरात मार्क कुठं जातात?

'टी सेल अँटीबॉडी सोडतात' लिहिलं की गेला मार्क, अँटीबॉडी बी सेलपासून बनलेल्या प्लाझ्मा सेल सोडतात. एचएलएचे दोन प्रकार: क्लास वन सगळ्या केंद्रकवाल्या पेशींवर आणि नमुना दाखवतं सीडी-८ (किलर) टी सेलला, क्लास टू डेंड्रायटिक (नमुने दाखवणाऱ्या पांढऱ्या पेशी), मॅक्रोफेज आणि बी सेलवर आणि नमुना दाखवतं सीडी-४ (हेल्पर) टी सेलला. उलटं लक्षात राहत असेल तर आकडे गुणून बघा, एक गुणिले आठ आणि दोन गुणिले चार, दोन्हीकडे आठच येतात.